सदऱ्याच्या खिशातली चिठ्ठी

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवायचा? पाटीवर, की पाटीमागच्या माणसावर?

एकदा एका तालुक्याच्या गावी एका तरुण डॉक्टरने दवाखाना थाटला आणि वेबसाइट करायला घेतली. ती करून देणाऱ्याने दोन वाटा दाखवल्या. एक टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा. नाव-फोटो बदलला की तीन दिवसांत उभा. दुसरी मापाची, दवाखान्यात चार दिवस बसून, विचारपूस करून घडवलेली. तिला दोन महिने लागणार होते. डॉक्टरला घाई होती. त्याने साचा घेतला, नाव घातलं, फोन नंबर घातला, आणि उरलेलं कोण वाचतंय म्हणून तसंच सोडलं. त्यात तळाला एक ओळ आधीपासून होती : ‘रविवारीही सेवा सुरू.’

रविवारी याचं शटर बंद असे.

दिवाळीनंतर एक टेम्पोवाला आला. भांडला नाही. मोबाइल पुढे धरून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, हे तुमचंच ना?”

आदल्या रविवारी आईच्या छातीत दुखू लागलं म्हणून तो तिला घेऊन आला होता. शटर बंद दिसलं. पण लिहिलंय म्हणजे डॉक्टर जेवायला गेले असतील, येतीलच, असं म्हणत मायलेक तासभर पायरीवर बसले. मग जिल्ह्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच आईने प्राण सोडला.

डॉक्टरने ओळ त्याच क्षणी खोडली आणि ज्यांच्या हाताखाली तो शिकला, त्या वृद्ध डॉक्टरांचं घर गाठलं. चूक कबूल केली. आता खर्च झाला तरी चालेल, वेबसाइट मापाचीच करून घेतो, म्हणाला. त्या रविवारी सकाळी ते वृद्ध डॉक्टर शिष्याच्या दवाखान्याच्या बंद शटरपुढे खुर्ची टाकून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बसले. समोरच्या चहावाल्याने विचारलंही, “काका, शिष्याने बाहेर काढलं वाटतं?”

शिष्य धावत आला. “काका, ओळ मी खोडलीय हो.”

“अरे, तयार सदरा घेतलास यात दोष नाही. निम्मं गाव तयारच घालतं. पण त्याच्या खिशात दुसऱ्याची चिठ्ठी होती, ती न वाचता तू हिंडलास. मापाचा शिवलास तरी खिसे तुलाच चाचपावे लागणार. आणि खोडलीस ती मोबाइलवरची ओळ. ज्यांनी ती वाचून मनात ठेवलीय, त्यांच्या मनातली कशी खोडशील? ते इथेच येतील.”

शिष्याने किल्ली काढून शटर उघडलं. साचा तोच राहिला. त्यातली ओळ न् ओळ त्याने मोठ्याने वाचून काढली. पुढच्या रविवारी काकांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची आली. तीन रविवार कुणी फिरकलं नाही.

चौथ्या रविवारी एक बाई तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन आली. तिच्या नणंदेने दिवाळीत वाचून सांगितलं होतं, रविवारी चालू असतं म्हणून. दमून ती पायरीवर टेकू लागली.

“तिथे नको, ताई,” तरुण डॉक्टर घाईने उठला. “आत या.”

आपल्या नावाने कोणकोणती वाक्यं गावात हिंडताहेत, त्यांचा हिशेब मंडळींनी प्रामाणिकपणे ठेवावा, एवढीच विनंती.