देणारी घरं

एकदा एका बाजारपेठेच्या गावाबाहेर एका धनाढ्य व्यापाऱ्याने भलेमोठे दुकान उघडले. मिठापासून मंगळसूत्रापर्यंत सगळे एका छताखाली, आणि तेही स्वस्त! लोक हरखले. वर्षभरात पेठेतली दुकाने एकामागून एक बंद पडली आणि त्यांचे मालक त्याच मोठ्या दुकानात नोकरीला लागले.

गावात एका वृद्ध आचार्यांची पाठशाळा होती. ती चाले मुठीवर. स्वयंपाकाआधी प्रत्येक घरची बाई एक मूठ तांदूळ पाठशाळेसाठी बाजूला काढी आणि पौर्णिमेला आचार्यांचा शिष्य ते गोळा करून आणी.

"गुरुजी, तांदूळ स्वस्त झालाय. आता झोळी उचलवणार नाही," दुकान उघडले तेव्हा शिष्य म्हणाला होता. पण महिन्यामागून महिने झोळी हलकीच होत गेली. पाठशाळेची चूल विझायची वेळ आली, मुलांना घरी धाडावे लागणार असे दिसू लागले.

"लोक कंजूष झालेत!" शिष्य चिडून म्हणाला. विद्वान माणसाला राग आला की तो आधी दुसऱ्याचा स्वभाव काढतो, तसेच झाले.

ही वार्ता ऐकून व्यापारी तांदळाची पोती घेऊन आला. आचार्यांनी पोती दारातच थांबवली.

"शेटजी, आधी माझ्यासोबत मूठ मागायला चला."

तिघे निघाले. पहिलेच घर एका विधवेचे होते. पूर्वी तिचे पेठेत तेलाचे दुकान होते, आता ती व्यापाऱ्याकडे दिवसभर उभी राहून माल मांडत असे. मालकाला दारात पाहून ती गडबडली. आत डबा खरवडल्याचा आवाज आला. मग चुलीपुढे धुवायला घेतलेल्या तांदळातलीच एक मूठ तिने आणली. आचार्यांनी झोळी पुढे केली आणि ती घेतली.

व्यापारी ओशाळून म्हणाला, "बाई, आपल्या दुकानात तांदूळ एवढा स्वस्त आहे, तरी घरात नाही?"

"तांदूळ स्वस्त झालाय मालक," ती हळूच म्हणाली, "पण आम्ही त्याहून स्वस्त झालो."

शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, भरली पोती नाकारलीत आणि हिच्या घासातली मूठ घेतलीत? हा कुठला न्याय?"

आचार्य म्हणाले, "अरे, ती मूठ नाकारली असती, तर ती आता देणाऱ्यांतली उरली नाही असे मीच तिला सांगितले असते. आणि पोती घेतली असती, तर हिच्या मजुरीतून कापलेले अन्न शेटजींच्या नावाने आपण जेवलो असतो. गावात देणारी घरे संपली, की गाव एकाच्या मर्जीवर जेवते. मर्जी फिरली की उपाशी निजते."

शिष्याची मान खाली गेली. कंजूष म्हटलेली सगळी दारे त्याला आठवली.

"मग मी काय करू?" व्यापाऱ्याने विचारले.

"ते मला नका विचारू. जी तुमच्याकडे राबते, तिला विचारा."

 व्यापारी पायरीवर बसून म्हणाला, "बाई, किती मिळाले म्हणजे तुमचे घर नीट चालेल?"

असे तिला आजवर कुणी विचारलेच नव्हते. ती बोटांवर घरखर्चाचा हिशेब मांडू लागली. व्यापारी तिथेच वाट पाहत बसून राहिला.