तीस ग्रॅमचा माणूस

“सापडला का तो माणूस?”

ओंजळअप्पांनी मान वर न करताच विचारलं. ते मठाच्या ओट्यावर बसून तुळशीच्या वाळक्या काड्या मोडत होते.

रायगोंडा मगदूम पायरीवरच बसला. डाव्या पायातली चप्पल त्यानं जपून काढली. अंगठ्याला पांढरी पट्टी होती, आणि तिच्याकडे बघायचं तो टाळत होता.

“कुठला सापडतोय अप्पा! आठ दिवस वणवण हिंडलो. असा माणूस जन्मालाच आलेला नाही.”

“तू तर त्याच्यासाठी लिहिलंयस.”

“लिहिलंय… हो.”

रायगोंडाचा भडंगाचा कारखाना होता. चुरमुरे, शेंगदाणे, भरपूर लसूण आणि लाल तिखट. त्याचं पाकीट तीन जिल्ह्यांत जायचं आणि जाईल तिथं संपायचं. अडचण एवढीच होती, की ते सगळ्यात जास्त संपायचं ते खुद्द मालकाच्या तोंडात. रक्तात साखर झाली, पायाचा अंगठा काळा पडायला लागला, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “महिन्याभरात साखर उतरली नाही तर अंगठा जाईल. मग पुढचं पुढं.” त्याला आता बावीस दिवस उरले होते, आणि हात काही थांबत नव्हता.

मागच्या सोमवारी तो अप्पांकडे आला होता. “किती खाल्लं म्हणजे पुरे, तेवढं सांगा,” म्हणाला होता.

अप्पांनी पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं होतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं : एका माणसासाठी, एका वेळी, तीस ग्रॅम.

“हे कुणी ठरवलं?”

“मीच. छापखान्यात विचारलं, आकडा काय टाकू? शेजारी दुसऱ्या कुणाचं पाकीट पडलं होतं, त्याच्यावर तीस होतं. आकडा लहान असला की पाकिटावर छापलेलं तेलही कमी दिसतं. टाकला.”

“कुणाला खायला घालून बघितलंस?”

“नाही.”

“मग तो माणूस घेऊन ये. तीस ग्रॅमला थांबणारा. त्याच्यासमोर बोलू.”

आणि त्या दिवसापासून हा बापडा खिशात चहाच्या बशीएवढा वजनकाटा घालून गावभर भडंग वाटत हिंडत होता.

“कुणाकुणाकडे गेलास?” अप्पांनी विचारलं.

“गुरवांच्या तात्यांकडे गेलो. चतुर्थी, सोमवार, गुरुवार, सगळे उपास धरणारा माणूस. म्हटलं, हा थांबेल. तीस ग्रॅम तोंडात टाकले आणि विचारलं, ‘ही चव बघायला होती का?’ सासऱ्यांकडे गेलो. तोंडात एक दात नाही. ताकात भिजवून दीड पाकीट खाल्लं की ओ!”

अप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“आणि डॉक्टर. काल पट्टी बदलायला गेलो, तेव्हा तीस ग्रॅम मोजून त्यांच्यापुढे बशीत ठेवले. मला खडसावत होते, ‘मगदूम, जिभेवर ताबा नाही तुमचा, पाय गमावून बसाल.’ बोलता बोलता बशी रिकामी झाली. आणि मग अप्पा… मला रागवत रागवतच पाकिटात हात घातला त्यांनी!”

रायगोंडानं कपाळावर हात मारला. त्याला हसू येत नव्हतं. माणूस वैतागला की विनोदही त्याला छळच वाटतो.

“वाटीत घेऊन बघितलं, वाटी सात वेळा भरली. पाकिटाला दोरी बांधली, दातानं सोडली. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याच खिशात. जीव मेटाकुटीला आलाय अप्पा. तुम्ही म्हणता माणूस आण. मी म्हणतो, मंत्र द्या, उपास द्या, काठीनं हाणा, पण काहीतरी द्या!”

अप्पा काड्या मोडत राहिले.

“घरी काय खातोस?”

“घरी काय… शालन करते ते, आमची बायको. बिनतेलाची भाजी, ज्वारीची भाकरी, अळणी आमटी. आठ महिने झाले.”

“ती काय खाते?”

“तेच.”

“तिला साखर आहे?”

“नाही… तिला काही नाही. म्हणते, तुम्ही एकट्यानं कसं गिळायचं? मीपण तेच खाईन.”

बोलता बोलता रायगोंडाचा आवाज खाली आला.

“नऊ किलो उतरलीय ती. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. परवा डॉक्टरांना विचारत होती, ‘माझ्याच रांधण्यात काही चुकतंय का हो? ह्यांची साखर उतरत कशी नाही?’ मी शेजारीच बसलो होतो.”

“तू काय म्हणालास?”

“…काही नाही.”

“आणि भडंग?”

“गाडीत खातो. कारखान्यातून निघालो की ओढ्याच्या पुलापाशी थांबतो. काचा वर करून.”

ऊन डोक्यावर आलं. अप्पांची जेवायची वेळ झाली.

ह्या माणसाला ओंजळअप्पा नाव पडलं ते ह्या जेवणामुळे. मठात ताट नव्हतं, वाटी नव्हती. दिवसातून एकदा ते ओट्यावर उभे राहून ओंजळ पुढे धरत. जो आलेला असेल तो त्याच्या मनाला येईल तेवढं त्यात घाली. अप्पा मागत नसत, पुरे म्हणत नसत. ओंजळीतलं संपलं आणि हात सुटले, की जेवण संपलं. कुणी आलं नाही तर त्या दिवशी जेवण नाही. चाळीस वर्षं हे असं चाललं होतं. रायगोंडाला मनातून तो हटवादीपणा वाटायचा.

अप्पा उठले, हात धुतले आणि ओंजळ धरली.

रायगोंडानं इकडेतिकडे पाहिलं. आज दुसरं कुणी आलं नव्हतं.

“अप्पा, माझ्याकडे काही नाही ओ… हे पाकीट आहे फक्त.”

अप्पा उभेच होते.

“किती घालू?”

अप्पांची ओंजळ तशीच पुढे.

रायगोंडा गोंधळला. मग सवयीनं त्यानं खिशातला काटा काढून पायरीवर ठेवला आणि मोजून तीस ग्रॅम अप्पांच्या ओंजळीत ओतले. चुरमुरे तळाशी जाऊन बसले. सुरकुतलेले तळहात नीट झाकले गेलेसुद्धा नाहीत.

तो बघतच राहिला. म्हातारा माणूस, दिवसभराचं जेवण, आणि एवढंसं?

त्याला स्वतःचीच शरम वाटली. त्यानं काटा बाजूला सारला आणि पाकीटच तिरकं केलं. ओंजळ भरली, वर शीग आली, चार शेंगदाणे खाली सांडले. तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

“थांबलास,” अप्पा म्हणाले.

“भरली ना ओंजळ.”

अप्पांनी मान खाली घालून सावकाश खाल्लं. शेवटचा दाणा संपल्यावर त्यांनी हात सोडले आणि ते तांब्याभर पाणी प्यायले.

“पोट भरलं, अप्पा?”

“हात सुटले.”

मग त्यांनी पाकीट उचललं.

“आता तू.”

रायगोंडानं ओंजळ धरली. अप्पांनी तीत मूठभर भडंग घातला आणि पाकीट ओट्याच्या कडेला, त्याच्या अगदी पुढ्यात ठेवलं. तो वाकून खाऊ लागला. तिखट नाकाला लागलं, कढीपत्त्याचं पान मिशीत अडकलं. एका क्षणात ओंजळ रिकामी झाली.

लसणाचा वास अजून दरवळत होता. पाकीट अर्धं होतं.

“अप्पा, आणखी थोडं.”

अप्पांनी भिंतीला पाठ टेकली होती. डोळे मिटले होते.

“अप्पा…”

रायगोंडाची नजर पाकिटावरून हलेना.

“अहो, पाकीट समोर आहे! माझं आहे, मी केलंय! आणि मी असा भिकाऱ्यासारखा हात धरून उभा!”

“मग घे की.”

“घ्यायचं तर हात सोडायला लागतील.”

“हो.”

“सोडले की संपलं.”

“हो.”

रायगोंडा तसाच उभा राहिला. कपाळावर घाम आला. ठणकणारा अंगठा वर धरून तो एका पायावर तोल सावरत होता, आणि रिकामी ओंजळ काही मोडवत नव्हती.

“पुलापाशी कसं जमतं?” अप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

“तिथं काय… एका हातात पाकीट, दुसरा हात…”

त्याची नजर आपल्या जोडलेल्या दोन्ही हातांवर गेली.

“तिथं वाढायला कोण असतं?”

“कुणी नसतं.”

“आणि घरी?”

ओट्यावर सांडलेल्या शेंगदाण्यांपाशी एक खार आली, एक दाणा उचलून पळाली. रायगोंडा त्या खारीकडे बघत राहिला.

“शालन असते.”

“मग ही ओंजळ इथं कशाला धरलीस?”

“तिच्यापुढे धरायची म्हणजे… आधी सगळं सांगायला लागेल. पुलापाशी थांबतो ते. आठ महिने तिच्यासमोर भाकरी चावत बसलो, ते सगळं.”

त्याची नजर अंगठ्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर गेली.

“रडेल ती. नऊ किलो, अप्पा! माझ्यासाठी वाळली, आणि मी काचा वर करून…” मग तो एकदम उसळला, कारण लाजलेल्या माणसाला राग फार सोपा पडतो. “आणि तुम्ही म्हणता हात धर! अहो, हे ऐकल्यावर ती एक दाणासुद्धा घालायची नाही. तिनं काहीच घातलं नाही तर? तर मी काय खाऊ?”

अप्पांनी डोळे उघडले. त्याच्या रिकाम्या ओंजळीकडे पाहिलं.

“मग ते काहीच नाही, तेच खा. आठ महिने तू तिच्या ओंजळीत तेच घालतोयस, आणि ती खातेय.”