महाराजांच्या बग्गीतला वारा

"महाराज, बग्गी बसली!" दिवाण त्रिंबकपंत ओरडले.

कनकगडच्या भर चौकात रणसिंगराव महाराजांच्या बग्गीच्या स्प्रिंगा पार दबल्या होत्या. वेटोळ्यावर वेटोळं टेकलं होतं आणि चाकं वर बग्गीच्या तळाला घासून किंचाळत होती.

त्याचं असं होतं, की वाढदिवसाला महाराजांची गुळाने तुला व्हायची आणि तो सगळा गूळ महाराजांनी आपल्याच बग्गीतून, स्वतः सोबत बसून, डोंगरावरच्या देवीला न्यायचा, अशी तिथली रीत. म्हणजे महाराज एक शेर वाढले की बग्गीवर दोन शेर वाढणार! पण हे बोलायची छाती कुणाची? सगळे आपले म्हणायचे, "यंदा गूळच जड आलाय!" आजची तर नुसती तालीम होती. वाढदिवस आठ दिवसांवर होता.

महाराजांनी गेनू लोहाराला बोलावलं. "आठ दिवसांत बग्गी सुधार! गेल्या वर्षीसारख्या जाड स्प्रिंगा घालू नकोस. गूळ उतरला की रिकाम्या बग्गीत हादरे बसून माझी कंबर लचकते. आणि तोळाभरही लोखंड, लाकूड वाढवायचं नाही. जमत नसेल तर सरकारी भट्टी सोड!"

तीन पिढ्या त्या भट्टीवर जगलेल्या. बिचारा गेनू घरी येऊन ताटासमोर नुसता बसून राहिला.

"आबा, जेवा आधी," त्याची लेक हौसा म्हणाली. "लोखंड नको म्हणाले, लाकूड नको म्हणाले. वाऱ्याला कुठं नको म्हणाले?"

"येडी का काय तू? वारा कधी वजन पेलतो व्हय?"

"पुरात फुगवलेल्या कातड्यावर बसून माणसं नदी पार करत्यात, तवा कोण पेलतं त्यांना?"

गेनूने पहिला घास घेतला.

हौसाने मोट शिवणाऱ्याकडून बकऱ्याच्या कातड्याच्या चार लांबट पिशव्या शिवून आणल्या आणि एकेका स्प्रिंगेच्या पोटात एकेक बसवली. वाढदिवशी तिने भात्याने त्यांत वारा भरला आणि तोंडं करकचून बांधली. महाराज बसले. गुळाच्या ढेपा चढल्या. सगळ्यांनी श्वास रोखले. बग्गी जराशी खाली गेली, आणि तिथेच थांबली! स्प्रिंग पिशवीला फुटू देईना, पिशवी स्प्रिंगेला दबू देईना. बग्गी डुलत डुलत थेट देवीच्या दारात!

गूळ उतरल्यावर हौसाने गाठी सैल केल्या. फुस्स! परतीच्या वाटेवर बग्गी अशी मऊ चालली, की महाराजांना डुलकी लागली.

पण परतल्यावर बग्गीभोवतीच दरबार जमला, तसं त्रिंबकपंतांच्या पोटात दुखायला लागलं. "महाराज, ही फसवणूक आहे! पोरीने बग्गीत भर घातली!"

"कातडं तेवढं घातलं, पंत," हौसा म्हणाली. "त्याला महाराजांनी मनाई केली नव्हती. आत नुसता वारा. हवं तर तोलून बघा!"

"वारा म्हणे! वारा तर सगळीकडे असतो. तो का कुणाला उचलत नाही?"

"कोंडला की कामाला लागतो, पंत. मोकळा सुटला की नुसता घोंगावतो. दरबारात ऐकतेच की मी!"

महाराजांच्या मिशा हलल्या, पण त्यांनी हसू दाबलं. "ठीक आहे. पण पोरी, पुढल्या वर्षी आमचं वजन आणखी वाढलं तर?"

दरबार गार पडला. महाराजांच्या तोंडून चक्क 'वजन'! गेनूने तर डोळेच मिटले.

हौसाने हात जोडले. "त्यात काय अवघड? पिशवीत चार फुंकरा जास्त घालू. महाराजांनी चार घास कमी घ्यावेत, असं म्हणायची हिंमत माझ्यासारख्या गरिबाच्या पोरीत कुठली?"

मग महाराज इतके खदखदून हसले, की रिकामी बग्गीसुद्धा हिंदकळली! सरकारी भट्टी त्यांनी गेनूच्या घराण्याला कायमची लिहून दिली, हौसाच्या हातात सोन्याचं कडं घातलं, आणि जेवणाच्या ताटातली सहावी पुरणपोळी, पहिल्यांदाच, परत पाठवली.