चंद्रावरची गिरणी

सोनखांब नावाच्या गावात एक मंडळ होतं. भजनी नव्हे, गणपतीचं नव्हे, भिशीचंही नव्हे. त्याचं नाव नवलकथा मंडळ. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर त्याची बैठक भरायची. आपण रचलेल्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या, एवढंच त्या मंडळाचं काम. पण गोष्टी कसल्या? कुणाच्या गोष्टीत माणसं मंगळावर कांदा लावायची. कुणाच्या गोष्टीत दोन हजार वर्षांचा वड गावाचा न्यायनिवाडा करायचा. कुणी तळ्याखालच्या राणीची लढाई अशी सांगायचा की ऐकणाऱ्याचे पाय ओले व्हावेत. गोष्टी संपल्या की भडंग आणि चहा. गावातले लोक हसायचे आणि म्हणायचे, "थापाड्यांचं मंडळ!" मंडळातली माणसंही हसायची आणि म्हणायची, "या की एकदा थापा ऐकायला!"

हे मंडळ काढलं होतं मोरेश्वर केंजळे सरांनी. चौतीस वर्षं त्यांनी गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं होतं. माणूस भला. माडीसाठी अर्ज त्यांनीच केले, सतरंज्या त्यांनीच घरून आणल्या, बैठकीआधी केरही तेच काढायचे. पण त्यांना एक खोड होती. चूक दिसली की त्यांना राहवत नसे.

मंगळावरचा कांदा मातीतून डोकं वर काढतोय न काढतोय तोच सर म्हणायचे, "तिथल्या मातीत विषारी क्षार असतात. कांदा जगायचा नाही." वडानं न्यायाला तोंड उघडलं की सर विचारायचे, "वडाला स्वरयंत्र असतं का?" सांगणारा ओशाळायचा आणि कशीबशी गोष्ट आवरती घ्यायचा. सर चष्मा पुसत खाली बसायचे. आपण खऱ्याची बाजू घेतली, याचं त्यांना मनापासून समाधान वाटायचं.

बाजारपेठेत छबूताई रणपिसे यांची पिठाची गिरणी होती. दोन वर्षं त्या मागच्या रांगेत बसून नुसत्या ऐकत होत्या. एका रविवारी त्यांनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "आज मी सांगू का?"

सगळ्यांनी सरकून त्यांना पुढं जागा करून दिली. छबूताई वाचू लागल्या. चंद्रावर माणसांची वस्ती झाली आहे. तिथं गोदू नावाची एक बाई गिरणी चालवते. तिची लेक वस्तीबाहेर दगड गोळा करायला जाते आणि मोठ्या खड्ड्याच्या काळोखात वाट चुकते. जवळचं बोलायचं यंत्र बंद पडतं. इथं छबूताईंचा आवाज कापरा झाला. "मग गोदू बाहेर धावली, आणि तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली—"

"थांबा, छबूताई," केंजळे सर म्हणाले. "चंद्रावर हवा नाही. हवा नाही म्हणजे आवाज नाही. हाक ऐकूच जाणार नाही. तुमची गोष्ट इथंच संपली."

दोघंतिघं हसले. छबूताईंनी वहीकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या. वही मिटली, पिशवीत घातली आणि चहाला न थांबता जिना उतरून गेल्या.

पुढच्या महिन्यात त्या आल्या नाहीत. कांदावाला आला नाही, वडवालाही आला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात सातच जण आले. सर मनाशी म्हणाले, 'लोकांना अभ्यास नको असतो, दुसरं काय!'

आणि मग असा एक रविवार उजाडला की चार वाजले, साडेचार वाजले, तरी माडीवर दोनच माणसं. एक केंजळे सर आणि दुसरे घड्याळं दुरुस्त करणारे सलीमभाई अत्तार. मधे पंचवीस जणांचं भडंग. तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब शितोळे वर आले. त्यांनी रिकाम्या सतरंज्यांवरून नजर फिरवली.

"सर, स्पष्ट बोलतो. एका शिकवणीवाल्यांनी ही माडी मागितली आहे. मी तुमच्याकडे बघून थांबलोय. पण पुढच्या बैठकीला तीस माणसं दिसली नाहीत, तर माडी त्यांना देणार. मंडळ म्हणजे मंडळी हवीत हो!"

भाऊसाहेब गेले. सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सलीमभाई, माझं काय चुकलं? मी एक तरी गोष्ट खोटी बोललो का?"

"एकही नाही, सर."

"मग लोक का येत नाहीत?"

सलीमभाईंनी भडंगाचा घास खाली ठेवला. "सर, आम्ही इथं गोष्ट घेऊन यायचो. तुम्ही उत्तरपत्रिका तपासायचात."

सरांना ते वाक्य फार झोंबलं. त्यांनी सतरंज्यांच्या घड्या घातल्या, खाली उतरले आणि घराकडे चालू लागले. रस्ताभर ते मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत होते. मी खरं तेच बोललो. चंद्रावर हवा नाही म्हणजे नाही! आणि चालता चालता त्यांच्या मनात आलं, त्या पोरीचं पुढं काय झालं?

सर भर रस्त्यात थांबले. गोदूची लेक अजून त्या काळोख्या खड्ड्यात उभी होती. तीन महिने झाले, ती तिथंच उभी होती. तिला घरी आणणारी एकच बाई होती, आणि तिचं तोंड त्यांनी बंद केलं होतं. चौतीस वर्षांत किती मुलांची वाक्यं आपण अशी अर्ध्यावर तोडली असतील?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गिरणीवर गेले. दळणाला ही गर्दी! रांगेतली निम्मी माणसं सरांचेच विद्यार्थी. कुणी म्हणालं, "सर, तुम्ही पुढं व्हा." सर पुढं झाले. गिरणी धडधडत होती, पट्टा फडफडत होता, छबूताई पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या.

"छबूताई, माझं चुकलं," सर हळूच म्हणाले.

"काय आणलंय? गहू का ज्वारी?" छबूताई ओरडल्या.

"माझं चुकलं!" सर जरा मोठ्यानं म्हणाले.

"काय?" असं म्हणून छबूताईंनी नीट ऐकू यावं म्हणून मोटार बंद केली. आणि नेमकं त्याच क्षणी सर सगळा दम लावून ओरडले, "माझं चुकलं, छबूताई!"

सगळी पेठ ऐकत राहिली. सर कानापर्यंत लाल झाले. वाटलं असतं तर ते हसण्यावारी नेऊ शकले असते. दळणाचं काहीतरी निमित्त सांगून परत फिरू शकले असते. पण ते तिथून हलले नाहीत. सगळ्यांच्या देखत त्यांनी पुन्हा शांतपणे सांगितलं, "मी तुमची गोष्ट मधेच मोडली. मला माफ करा."

छबूताई गडबडल्या. पदरानं तोंडावरचं पीठ पुसत म्हणाल्या, "अहो सर, चूक तर माझी होती. चंद्रावर हवा नसते हे मला कुठं ठाऊक होतं?"

"ठाऊक नसणं हा काही गुन्हा नाही. ते सांगून तुम्हाला पुढं विचारायचं होतं, ते मी विचारलं नाही. आता विचारतो. हाक ऐकू जात नाही. मग तुमची गोदू काय करेल?"

छबूताई विचारात पडल्या. त्यांचा हात सवयीनं गिरणीच्या दगडावर गेला. "सर, इथं गिरणीत तरी कुठं काय ऐकू येतं? दगड नीट फिरतोय का, पट्टा सैल झालाय का, हे मला हाताला कळतं. नुसता हात ठेवला की कळतं." बोलता बोलता त्या थबकल्या. "सर, हवा नसली तरी धडधड जमिनीतून जाते का हो?"

"जाते," सर म्हणाले, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. "दगडातून जाते. तिला हवा लागत नाही."

छबूताईंचे डोळे चमकले.

"मग? मग काय होतं?" सरांनी अधीर होऊन विचारलं. रांगेतली माणसंही पुढं सरकली.

छबूताईंनी मोटारीचं बटण दाबलं. "बैठकीच्या रविवारी सांगते!" त्या ओरडल्या. "पण गोष्ट संपेपर्यंत तुम्ही मधे बोलायचं नाही!"

मग सर आणि सलीमभाई घरोघरी फिरले. कांदावाल्याकडे गेले, वडवाल्याकडे गेले. सरांनी प्रत्येकाजवळ एकच कबुली दिली आणि एकच आमंत्रण दिलं. काहींनी लगेच हो म्हटलं, काहींनी नुसतं "बघू" म्हटलं. पण खरं आमंत्रण गिरणीच्या रांगेनंच गावभर नेलं. पिठाच्या डब्याबरोबर गोष्ट घरोघरी पोचली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न झाला, "त्या पोरीचं काय होणार?"

तो रविवार उजाडला. चार वाजायच्या आत माडी भरली. सतरंज्या संपल्या, माणसं जिन्यावर बसली, बायका खिडक्यांत बसल्या. भाऊसाहेब डोकी मोजायला आले होते. साठाच्या पुढं त्यांनी मोजणं सोडून दिलं आणि जिथं जागा मिळाली तिथं बसले.

छबूताई उभ्या राहिल्या. वही त्यांनी उघडलीच नाही. पुन्हा ती वस्ती, ती गोदू, तो काळोख. एके ठिकाणी त्या म्हणाल्या, "तेवढ्यात समोर पृथ्वी उगवली." केंजळे सरांचं अंग ताठ झालं. चंद्रावर एका जागी उभं राहिलं तर पृथ्वी उगवतही नाही आणि मावळतही नाही, आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी दिसते! शब्द ओठांपर्यंत आले. सलीमभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी आवंढा गिळला, शब्दही गिळले. आणि पुढच्या दोन वाक्यांत ते पृथ्वी विसरून गेले.

मधेच भाऊसाहेब म्हणाले, "अहो, पण चंद्रावर गिरणीला वीज कुठून आली?"

सगळ्या माना सरांकडे वळल्या. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. छबूताई म्हणाल्या, "उन्हावर चालते, भाऊसाहेब. तिथं पंधरा पंधरा दिवस ऊन मावळत नाही. आता ऐका!" माडीवर हशा पिकला, आणि सगळ्यांत मोठ्यानं भाऊसाहेबच हसले.

आता गोष्ट शेवटाला आली. हाक ऐकू जाणार नाही हे गोदूला कळलं. ती गिरणीत परत धावली. दळण ओतायच्या पेटीत दाणा नव्हता. रिकामा दगड कधी फिरवू नये, हा गिरणीचा पहिला नियम. दगडावर दगड घासतो आणि झिजून फुटतो. ती गिरणी म्हणजे तिची सगळी कमाई. "पण लेकीपुढं गिरणी काय घेऊन बसलात?" छबूताई म्हणाल्या. "गोदूनं रिकामा दगड सोडला! दगडावर दगड आदळला. चंद्राची जमीन थरारली. तिकडं खड्ड्यात पोरीनं दमून जमिनीवर हात टेकला—"

असं म्हणून छबूताई खाली वाकल्या आणि त्यांनी माडीच्या फळ्यांवर तळवा टेकला. पहिल्या रांगेनं टेकला. मग सगळ्यांनी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबांनीही अंगठ्यांनी भरलेला हात फळीवर ठेवला. मागं सलीमभाई उभे होते. त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी टाचेनं फळीवर ठेका धरला. धड्. धड्. धड्. लाकडातून तो थरार प्रत्येकाच्या तळव्यात शिरला. शंभर माणसं श्वास रोखून बसली.

"आई!" छबूताई हळूच म्हणाल्या. "पोरीला कळलं. जिकडं थरार वाढला तिकडं ती चालली. कमी झाला की थांबली, वळली, पुन्हा चालली. तिकडं दगडाला तडा गेला, तरी गोदूनं तो थांबवला नाही. आणि शेवटचा तुकडा उडाला तेव्हा पोरगी दारात उभी होती."

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खालच्या मजल्यावरचे वाचक पेपर टाकून जिन्यापाशी धावले. बायका डोळे पुसत होत्या. जिन्यावरच्या एका पैलवानानं उघड उघड नाक शिंकरलं. केंजळे सर उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि चष्मा ओला झाल्यामुळे त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं.

भाऊसाहेब उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माडी मंडळाची! शिकवणीवाल्यांना मी दुसरी जागा बघून देतो." आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "छबूताई, माझ्या डोक्यातही एक राक्षस फार दिवस घोळतोय. पुढच्या खेपेला सांगू का?"

त्या दिवसापासून मंडळाला कधी माणसांची वाण पडली नाही. गोष्ट रचताना कुठं अडलं की लोक आपणहून सरांच्या ओट्यावर येऊ लागले. सर त्यांना खरं काय ते सांगायचे आणि मग कान टवकारून बसायचे. मंगळावरचा कांदा त्यांच्या मदतीनं काचेच्या घरात, धुतलेल्या मातीत रुजला. दोन वर्षांनी सोनखांबला अकरा गावांतल्या गोष्टीवाल्यांचं संमेलन भरलं. शाळेचं मैदान अपुरं पडलं. वाजतगाजत मिरवणूक निघाली, आणि 'थापाडे' म्हणून हसणारी पेठ दुकानं बंद करून त्या मिरवणुकीत चालली.

तात्पर्य: आपल्या ज्ञानानं दुसऱ्याची वाट अडवू नये, तिला पुढचं पाऊल दाखवावं, आणि आपलं चुकलं तर चार माणसांत ते कबूल करायला लाजू नये.