गाडी आणि गादी

“आणि हे ओरिजिनलच, कशावरून?”

मठाच्या अंगणात उभ्या असलेल्या जुन्या गाडीकडे बघत अण्णाबुवांनी विचारलं.

त्यांचा शिष्य सोमलिंग याच प्रश्नाची वाट बघत होता. गाडीचे धक्के झेलणारे पुढचे दोन्ही शॉकअप तेल गळून गळून मेले होते. खड्डा एक लागायचा आणि गाडी पुढच्या वळणापर्यंत नाचत जायची. त्यात म्हाताऱ्या बुवांची पाठ पार खिळखिळी झाली होती. गडहिंग्लजचा मिस्त्री म्हणाला, लोकल टाका, चालतंय की. पण सोमलिंग ऐकतोय होय! कोल्हापूर, बेळगाव पालथं घालून त्यानं गाडीबरोबर कारखान्यातून येतात तसलेच शॉकअप शोधून आणले, जोडीनं बसवून घेतले, आणि आज कपाळाला ठसठशीत गंध लावून, इस्त्रीचं उपरणं घेऊन बुवांना मुद्दाम अंगणात बोलावलं.

बोलावण्याला कारण होतं. बुवा थकले होते. दसऱ्याला ते मठाची गादी कुणातरी शिष्याला देणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. गाडी आणि गादी, एका अक्षराचा तर फरक. सोमलिंगानं गाडीपासून सुरुवात केली होती, इतकंच.

“माल आला त्या डब्यावर कंपनीचा छाप बघितलास ना?” बुवांनी विचारलं.

सोमलिंग हसला. “डब्याला कोण विचारतंय, बुवा? तसले डबे गल्लीबोळात छापून मिळतात. माल दाबून बघायचा.”

त्यानं बॉनेटवर दोन्ही हात ठेवले, अंगाचा सगळा भार टाकला आणि सोडला. गाडीचं नाक खाली गेलं, वर आलं आणि गप्प उभं राहिलं.

“बघितलंत? जुने असते तर हेलकावे खात बसली असती.”

“म्हणजे आता धक्का बसणार नाही म्हण.”

“बसणार की! खड्डा कुणाला चुकलाय? पण धक्का बसला की एकदा हलायचं आणि जागेवर यायचं. खऱ्या मालाची खूण तीच.”

“अस्सं…” बुवांनी मान डोलावली. “बरं झालं सांगितलंस.”

मग ते गोठ्याकडे वळले. “बसाप्पा, इकडं ये रे जरा.”

बसाप्पा म्हणजे सोमलिंगाचा गुरुबंधू. एकेकाळचा पैलवान. आरतीचं तिसरं कडवं त्याला आजवर धड आलं नव्हतं, आणि प्रवचनात तो खांबाला टेकून खुशाल घोरायचा. शेणाचं घमेलं हातात घेऊनच तो आला.

“दसऱ्याला गादी तुला द्यायची ठरवलीय,” बुवा म्हणाले.

घमेलं धाडकन खाली आलं. बसाप्पाचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला? नको वो बुवा!”

“ठरलंय माझं,” बुवा म्हणाले.

बसाप्पानं एक मोठा श्वास घेतला. वाकून बुवांच्या पाया पडला. “बरं. तुम्ही सांगताय न्हवं.” सांडलेलं शेण त्यानं हातानं गोळा केलं, घमेलं उचललं आणि तो गोठ्याकडे गेला. म्हशी ओरडत होत्या.

सोमलिंगाच्या मात्र पायाखालची जमीन सरकली होती. आपण ऐकलं ते खरं की काय, हेच त्याला कळेना.

“बुवा… थट्टा केलीत ना?”

बुवा कट्ट्यावर जाऊन बसले.

“नाही, ठीक आहे. मला काही वाटत नाही,” तो म्हणाला, आणि फाटकापर्यंत गेला.

तिथून परत आला. “पण आरती तरी येते का हो त्याला? लोक हसतील मठाला!”

बुवा गोठ्याकडे बघत होते.

“मी रागावलो नाही. तुमची आज्ञा शिरसावंद्य.” तो पायरीवर बसला, आणि बसल्या बसल्या ताडकन उठला. “तुमच्या पाठीसाठी मी गावं पालथी घातली, बुवा! आणि तो? त्यानं काय केलं? शेण काढलं!” त्याचा आवाज फाटला. डोळ्यांत पाणी आलं, त्याची त्यालाच लाज वाटली. “जाऊ दे. शांत आहे मी. अगदी शांत… पण का? एवढं तरी सांगा, का?”

गोठ्यातून धारेचा आवाज येऊ लागला होता. बसाप्पा म्हशीशी काहीबाही बोलत होता, रोजच्यासारखं.

बुवा सावकाश उठले. सोमलिंगाच्या समोर येऊन त्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. अंगाचा होता नव्हता तेवढा भार टाकला. आणि सोडला.

सोमलिंग बघतच राहिला. हे हात असे ठेवलेले, हे असं सोडणं, त्यानं नुकतंच कुठंतरी पाहिलं होतं… पाहिलं कसलं, स्वतःच केलं होतं.

त्याला दरदरून घाम फुटला. मघाचा धक्का बरा म्हणावा, असा हा दुसरा होता.

“बुवा…” तो कसाबसा म्हणाला. “तुम्ही… दाबून बघितलंत?”

बुवांनी त्याचं घसरलेलं उपरणं खांद्यावर नीट बसवलं. कपाळावरचं ओघळलेलं गंध मायेनं पुसलं.

“डबा सुरेख आहे रे तुझा, सोमलिंगा…”