सत्तर हंडे

धामणवाडीच्या तुळसाबाईला तीन वर्षं एकच स्वप्न पडे: वाडीच्या कोरड्या नळातून नदी गुणगुणत येतेय. एका सकाळी धुक्यात नळ खरंच गुणगुणला. ती हंडा घेऊन धावली. नळापाशी हार घातलेले आमदार रावसाहेब, समोर मोबाईल रोखलेला त्यांचा प्रसिद्धीवाला, आणि करवंदीच्या जाळीमागे नळाला पाइप जोडलेला टँकर!

"मावशी, हंडा भरा न् हसा. लाईव्ह आहे, दहा हजार लोक बघतायत," प्रसिद्धीवाला म्हणाला.

तुळसाबाई मोबाईलकडे बघून गोड हसली. "बायांनो, या गं! जलपूजनाला आलेला हंडा रिकामा परतवत नाहीत. साहेब स्वतः भरून देणारेत."

धुक्यातून सत्तर हंडे जणू तरंगत आले. विसाव्या हंड्याला धार बारीक झाली; टँकर देखाव्यापुरताच भरून आणला होता.

"बंद कर ते लाईव्ह," आमदार पुटपुटले.

"करा की! पण दहा हजार लोक म्हणतील, साहेबांचा नळ वीस हंड्यांतच आटला."

आमदारांनी घाम पुसत आणखी टँकर मागवले. सत्तरावा हंडा भरल्यावर तुळसाबाई म्हणाली, "उद्यापासून सुनेच्या मोबाईलवर मी लाईव्ह करते. रोज, ह्याच वेळेला."

महिन्यात खरी पाइपलाइन आली. तुळसाबाईचं स्वप्न मात्र मोडलं. नदी आता जागेपणीच गुणगुणते.