सारजेचा पालथा रांजण

खापरडोंगरावर सोयरनाथाच्या मठापुढे एक दगडी रांजण पालथा पडलेला आहे. पाहुणे त्याला टेकून फोटो काढतात आणि कुणीतरी हटकून विचारतं, "काका, यातून पाणी काढायचं कसं?" मठ दाखवणारे निवृत्तीकाका या विनोदावर हसत नाहीत. ते सांगू लागतात.

सोयरनाथाचा हा पंथ पूर्वी लेकरांच्या तोंडून वाढला, असे सांगतात. दुधाचे दात पडायच्या आतच पोरांना शिकवत, की आपला देव मुठीत झाकून ठेवू नये, दारोदार जाऊन त्याचं नाम द्यावं. पंथाच्या मूळपुरुषाने मात्र एक अट घातली होती. आधी पाणी, मग नाम. ज्याच्या घरचं पाणी तुम्ही प्यायला नाहीत, त्याला दिलेलं नाम खोटं. मोठ्यांना ही अट कधी जड गेली नाही. ज्यांचं पाणी चालतं, त्यांच्याच दारी ते जात.

सारजा असेल सात-आठ वर्षांची. तिला अट शिकवली होती, ही सोय शिकवायची राहून गेली होती.

चैत्रातल्या नामफेरीला ती ओढा ओलांडून पलीकडच्या वस्तीत शिरली. तिथल्या माणसांच्या हातच्या पाण्याचा गावाला विटाळ होई. कोंडाई नावाच्या म्हातारीने तिला पुन्हापुन्हा बजावलं, "बाय, मागं फीर. मार खाशील."

"पाणी दे की गं आजी. त्याबिगर नाम कसं देऊ?"

म्हातारीने वाळक्या पोकळ भोपळ्यातलं पाणी भीतभीत तिच्या ओंजळीत ओतलं. पोर प्यायली, आणि शिकवलं होतं तसं तिने म्हातारीच्या कानात सोयरनाथाचं नाम सांगितलं. त्या कानाशी गावातल्या कुणी तोवर तोंड नेलं नव्हतं.

सारजा उड्या मारत मठात आली. "बुवा, मी पार ओढ्यापल्याड जाऊन आले!" तिला वाटलं, महंत पाठ थोपटतील.

महंतांनी तिला पायरीखालीच थांबवलं. सगळा पंथ जमला. जवळ जाण्याची सोय नव्हती, म्हणून तिची आई लांबूनच ओरडली, "म्हण की गं कार्टे, पाणी ओठाला लावलंच नाही म्हण! खेळ केला म्हण!" एवढं म्हटलं असतं, तर आंघोळ घालून तिला घरात घेणार होते.

सारजेने जरा विचार केला. "प्यायले नाही म्हटलं, तर आजीला दिलेलं नाम खोटं पडेल," ती म्हणाली. "मी प्यायले."

शब्द मागे घेईपर्यंत पाणी बंद, असं ठरवून तिला रांजणाशेजारी बसवलं. रांजण काठोकाठ भरलेला होता. तिने हात लावून तो बाटवू नये म्हणून राखणीला माणूसही ठेवला. राखण पाण्याची, पोरीची नव्हे. ऊन चढत गेलं. कोंडाई भोपळा घेऊन निघाली, तर तिला पायथ्याशीच दगड मारून हुसकलं. आई सगळ्यांपुढे हात जोडत राहिली, पण घरातून तांब्या काही तिने आणला नाही. तिला आणखी लेकरं होती, आणि पंथात राहायचं होतं, असे सांगतात. दिवस कलताना सारजेने रांजणाच्या कडेला मान टाकली.

त्याच क्षणी रांजण आपोआप पालथा झाला, म्हणे. आपोआप, हे मठाचं म्हणणं. ओढ्यापलीकडचे सांगतात, आईने उलथवला. कुणाचंही खरं माना, पोर जिवंत असताना त्यातलं थेंबभर पाणी बाहेर आलं नाही.

मठाने पुढे सारजेला बालसंत केलं. आजही चैत्रात तिच्या नावाने फेरी निघते, आणि अटही तीच आहे, आधी पाणी, मग नाम. नवे कपडे घातलेली मुलं ओढ्यावरच्या पुलावरून पलीकडच्या वस्तीत जातात. त्याचे फोटो छापून येतात. दारोदारी बाया भरलेले तांबे घेऊन उभ्या असतात. मुलं गळ्यात अडकवलेली बाटली उघडतात, घरून आणलेलं पाणी दोन घोट पितात, नाम देतात आणि पुढच्या दाराकडे वळतात.